पासंग

आर्व्हिड कांगास गेला तेव्हा जानेवारी होता,
सरोवर काठापासून मैलभर गोठलेलं,
आणि जमीन कुदळ घेत नव्हती.
म्हणून चर्चमागच्या दगडी खोलीत
तो एप्रिलपर्यंत थांबला;
आयुष्यात कुणाच्या दारात
पाच मिनिटंही उशिरा न पोचलेला माणूस.

एकोणतीस वर्षं तो काउंटीचा वजनमापं निरीक्षक.
शेवटची सहा मी त्याची मदतनीस,
म्हणजे पितळी वजनांची पेटी उचलणारी.
"बोट लावू नकोस, चिमट्यानं धर.
घामसुद्धा काहीतरी भरतो."
पहिल्या दिवशी वाटलं, माणूस वेडा आहे.
दुसऱ्या दिवशीही.

नीलो मासे धुरावायचा, बंदरापाशी.
त्याच्या काट्याखाली चिकटवलेली शिशाची गोळी
आर्व्हिडनं नखानं सोडवली, खिशात टाकली,
दंडाची पावती फाडली,
आणि मग रांगेत उभं राहून
दोन पौंड व्हाइटफिश घेतले, पूर्ण भावानं.
नीलो त्याच्या बायकोचा सख्खा भाऊ.
त्या नाताळात एल्माच्या माहेरचं कुणी आलं नाही.
बारा जणांचा राईचा पाव
दोघांनी मार्चपर्यंत खाल्ला.

उणे पंचविसात तो
तेलाच्या टँकरमागून गाडी हाकायचा.
एकट्या बायकांच्या दारात मीटर जोरात पळतं,
असं त्याचं मत.
"म्हाताऱ्यांना आकडे दिसत नाहीत,
हे मीटरला बरोबर दिसतं."

डाव्या पायाची दोन बोटं कोरियातल्या बर्फात राहिली.
विचारलं तर म्हणायचा,
"तेवढा हलका झालो."
चार जुलैच्या मिरवणुकीत टोपी घालायचा,
पण सजवलेल्या ट्रकवर कधी चढला नाही.
फुटपाथवरून चालायचा, किंचित लंगडत,
आईस्क्रीमच्या गाड्यांवरचे काटे बघत.

फेब्रुवारीत त्याच्या मुलीनं मला एक वही दिली.
"ऑफिसची असेल, वजनं आहेत."
वजनं होती.
एकोणीसशे एक्कावन्न, पेन्सिल, बारीक अक्षर.
पाय बरा होईतो त्याला बंदरावरच्या गोदामात बसवलं होतं,
मेलेल्यांचं सामान घरी धाडायला.

घड्याळ, पाकीट, पत्रं अकरा. एक पौंड तीन औंस.
माउथ ऑर्गन, दाढीचं सामान. चौदा औंस.
चष्मा, एका काचेचा. दोन औंस.
पानामागून पान. नाव, गाव, वजन.
टपालाला वजन लागतं, एवढंच.
आणि एका पानावर तळाशी:
लहान मुलाचा मोजा, लोकरीचा, एक.
काटा हलत नाही.
शेजारी काहीतरी लिहून खोडलेलं,
त्याखाली पुन्हा:
काटा हलत नाही.

यावरून मी काही सिद्ध करत नाही.
केलं असतं तर त्यानं चष्मा पुसत विचारलं असतं,
पुरावा?

एप्रिलमध्ये माती मऊ झाली.
तीन फैरी झाडल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या बर्फावरून
आवाज परत आला, जरा उशिरानं.
झेंड्याची त्रिकोणी घडी मुलीच्या हातात.
वारा असा, की पाद्र्याचं निम्मं बोलणं
शेजारच्या थडग्यांनीच ऐकलं.

नीलो आला होता, काठी टेकत, नव्वदीला आलेला.
मुलीनं त्याला एक लिफाफा दिला.
बापाच्या खणात होता, वर तारीख, दुकानाचं नाव,
"जप्त माल. अर्धा औंस."
नीलोनं शिशाची गोळी तळव्यावर घेतली,
हात थोडा खाली-वर केला,
जसा कोळी माशाचा अंदाज घेतो.

"अर्धा?" तो म्हणाला.
"मला वाटलं होतं, याहून कमी असेल."

मग आम्ही चर्चच्या तळघरात कॉफी प्यायला उतरलो.
पायऱ्या ओल्या होत्या.
नीलोची मूठ मिटलेलीच होती,
म्हणून कप मी धरला.